मुलाखतोत्तर आभारपत्र व पाठपुरावा

मुलाखतोत्तर आभारपत्र म्हणजे नोकरीची मुलाखत झाल्यानंतर उमेदवाराने मुलाखत घेणाऱ्या व्यक्तीस तिच्या वेळेबद्दल कृतज्ञता व्यक्त करण्यासाठी पाठविलेले संक्षिप्त पत्र होय. निर्णय ठरलेल्या मुदतीत न कळल्यास त्याची विचारणा करण्यासाठी जे पत्र पाठविले जाते, त्यास पाठपुराव्याचे पत्र म्हणतात. ही दोन्ही पत्रे आज प्रामुख्याने ई-मेलद्वारे पाठविली जातात. आभारपत्राची प्रथा मुख्यतः अमेरिकेतील व्यावसायिक शिष्टाचारातून पुढे आली. भारतात ती खासगी क्षेत्रापुरती, तीही सर्वत्र सारख्या प्रमाणात नव्हे, अशी रूढ आहे. लोकसेवा आयोगांच्या व अन्य शासकीय निवडप्रक्रियेत अशा पत्रास कोणतेही स्थान नाही. तेथे मुलाखत मंडळाच्या सदस्याशी संपर्क साधणे उमेदवारास अडचणीचे ठरू शकते.

## संज्ञा व भेद

आभारपत्र आणि पाठपुराव्याचे पत्र यांचा उल्लेख अनेकदा एकत्र केला जात असला, तरी त्यांचे हेतू भिन्न आहेत. आभारपत्र मुलाखतीकडे मागे वळून पाहते. त्यात काहीही मागितलेले नसते, त्यामुळे त्याला उत्तर अपेक्षित नसते. पाठपुराव्याचे पत्र पुढील निर्णयाकडे पाहते. त्यात एक निश्चित प्रश्न असतो आणि त्यास उत्तर अपेक्षित असते. आभाराच्या पत्रातच ‘निर्णय केव्हा कळेल’ असा प्रश्न जोडल्यास आभार हे केवळ निमित्त ठरतात. म्हणून दोन्ही पत्रे स्वतंत्र ठेवावीत, असा सर्वसाधारण संकेत आहे.

प्राप्तकर्त्याच्या बाबतीतही भेद आढळतो. आभारपत्र प्रत्यक्ष मुलाखत घेणाऱ्यास लिहिले जाते. निर्णयाची विचारणा मात्र मुलाखतीची वेळ ठरविणाऱ्या मनुष्यबळ अधिकाऱ्याकडे, अथवा उमेदवारास ज्या भरती सल्लागार संस्थेने पाठविले असेल तिच्याकडे केली जाते.

## इतिहास

पाहुणचार, भेटवस्तू अथवा साहाय्य यांबद्दल लेखी आभार मानण्याची रीत युरोप व अमेरिकेच्या सुशिक्षित समाजात पूर्वीपासून होती. एमिली पोस्ट यांच्या १९२२ साली प्रसिद्ध झालेल्या शिष्टाचारविषयक ग्रंथात आभाराच्या पत्रांचा विस्ताराने विचार केलेला आहे. घरगुती शिष्टाचारातील ही रीत पुढे व्यावसायिक व्यवहारातही आली.

नोकरी शोधणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शनपर पुस्तकांनी या प्रथेचा प्रसार केला. रिचर्ड नेल्सन बोल्स यांनी १९७० साली स्वतः छापलेले आणि १९७२ पासून व्यावसायिक प्रकाशकाकडून निघालेले ‘व्हॉट कलर इज युअर पॅराशूट?’ हे त्यांतील विशेष प्रसिद्ध पुस्तक होय. मुलाखतीनंतर आभाराची चिठ्ठी पाठवावी, हा सल्ला या पुस्तकाच्या आवृत्त्यांतून वाचकांपर्यंत पोहोचला.

संगणकांच्या जाळ्यावरून पहिला ई-मेल रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये पाठविला. पुढे कार्यालयीन व्यवहार ई-मेलवर आल्यावर आभारपत्रही कागदावरून पडद्यावर आले. टपालाने दोन-तीन दिवसांनी पोहोचणारे पत्र आता त्याच दिवशी पोहोचू लागले आणि ‘२४ तासांच्या आत’ हा संकेत रूढ झाला.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. नोकरी डॉट कॉम हे संकेतस्थळ १९९७ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी अर्ज टपालाने जात, मुलाखतीचे बोलावणे टपालाने येई आणि निवड न झालेल्यास बहुधा काहीच कळत नसे. अर्ज आणि नेमणूक यांच्या दरम्यान उमेदवाराने स्वतः पत्र लिहावे, असा टप्पा त्या पद्धतीत नव्हता. माहिती तंत्रज्ञान कंपन्या आणि बहुराष्ट्रीय उद्योग यांच्यासोबत पुणे, मुंबई, बंगळूर यांसारख्या शहरांत ही रीत परिचित झाली.

## आभारपत्राचे स्वरूप

### वेळ व प्राप्तकर्ता

आभारपत्र मुलाखतीच्या दिवशी अथवा दुसऱ्या दिवशी पाठविले जाते. मुलाखत घेणारे एकाहून अधिक असल्यास प्रत्येकास स्वतंत्र आणि वेगळ्या मजकुराचे पत्र लिहिणे इष्ट मानले जाते, कारण असे ई-मेल कार्यालयात एकमेकांना सहज दाखविले जातात आणि शब्दशः एकच मजकूर लगेच लक्षात येतो. सर्वांचे पत्ते उपलब्ध नसल्यास मनुष्यबळ विभागास एकच पत्र लिहून इतरांपर्यंत आभार पोहोचविण्याची विनंती केली जाते. मुलाखत घेणाऱ्याचा खासगी पत्ता किंवा भ्रमणध्वनी क्रमांक शोधून तेथे संदेश पाठविणे अनुचित समजले जाते.

### घटक

आभारपत्राचे साधारणतः पुढील भाग असतात :

* विषय : पदाचे नाव व मुलाखतीची तारीख. केवळ ‘धन्यवाद’ असा विषय दिल्यास दिवसाला अनेक मुलाखती घेणाऱ्यास संदर्भ लागत नाही.
* मायना : मुलाखतीत ज्या पद्धतीने संबोधन झाले त्याला धरून. आडनाव लिहिताना त्याचे वर्णलेखन तपासणे आवश्यक असते.
* आभार : पहिल्याच वाक्यात, कशाबद्दल हे स्पष्ट करून.
* मुलाखतीतील एक नेमका संदर्भ : चर्चेत आलेले काम, अडचण किंवा प्रश्न. पत्राचा खरा आशय या भागात असतो.
* उमेदवाराचा संबंध : त्या कामाशी स्वतःच्या अनुभवाची सांगड घालणारे एक-दोन वाक्यांचे निवेदन.
* मागितलेली कागदपत्रे : मुलाखतीत काही पाठविण्याचे कबूल केले असल्यास ते जोडून.
* समारोप : नाव व संपर्क क्रमांक.

असे पत्र शंभर ते दीडशे शब्दांपेक्षा मोठे नसावे, असा सल्ला सामान्यतः दिला जातो. अर्जातील सर्व पात्रता पुन्हा सांगणे, वेतनाची चर्चा सुरू करणे, घरची अडचण सांगून निवडीची विनवणी करणे आणि मुलाखत घेणाऱ्याची अतिस्तुती करणे हे आभारपत्रातील दोष मानले जातात.

### नमुना

> विषय : लेखा सहायक पदाची मुलाखत, १२ मार्च – आभार
>
> माननीय (आडनाव) मॅडम,
>
> सप्रेम नमस्कार.
>
> आज लेखा सहायक पदाच्या मुलाखतीसाठी आपण वेळ दिलात, याबद्दल मनःपूर्वक आभार. वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे आणि खरेदीच्या नोंदी यांतील तफावत आपल्या विभागात दरमहा कशी जुळवली जाते, हे आपण सविस्तर सांगितलेत. त्यामुळे या पदाच्या दैनंदिन कामाची नेमकी कल्पना आली. सध्याच्या नोकरीत हे काम मी दोन वर्षे करीत असल्याने त्यात मला विशेष रस आहे.
>
> आपण मागितलेले अनुभवाचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. आणखी काही माहिती हवी असल्यास कृपया कळवावे.
>
> आपली विश्वासू,
> (नाव)
> (भ्रमणध्वनी क्रमांक)

या नमुन्यातील करविवरणाचा उल्लेख वगळल्यास उरलेले पत्र कोणत्याही पदासाठी, कोणत्याही कंपनीस पाठविता येईल असे सर्वसामान्य ठरते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित लेखनसाधनांचा वापर वाढल्यापासून अशी एकसारखी पत्रे सहज तयार होतात. त्यामुळे केवळ त्या मुलाखतीस उपस्थित असलेल्यालाच ठाऊक असणाऱ्या तपशिलाचे महत्त्व वाढले आहे. असा तपशील मिळावा म्हणून मुलाखत संपताच दोन-तीन मुद्दे टिपून ठेवण्याचा उपाय सुचविला जातो.

## पाठपुराव्याचे पत्र

### मुदतीचे महत्त्व

पाठपुराव्याच्या पत्राचा आधार म्हणजे नियोक्त्याने स्वतः सांगितलेली मुदत. म्हणूनच मुलाखत संपताना ‘निर्णय साधारण केव्हापर्यंत कळेल?’ आणि ‘चौकशी कोणाकडे करावी?’ हे दोन प्रश्न विचारून ठेवणे उपयुक्त ठरते. तारीख ठाऊक असल्यास विचारणा ही घाई न वाटता ठरलेल्या गोष्टीची आठवण ठरते. शिवाय उमेदवारासही रोजच्या प्रतीक्षेतून काही अंशी सुटका मिळते.

प्रचलित संकेतांनुसार सांगितलेली तारीख उलटून एक-दोन कामाचे दिवस गेल्यावर पहिले पत्र पाठविले जाते. तारीख सांगितलेली नसल्यास मुलाखतीनंतर सुमारे सात ते दहा दिवस थांबणे योग्य समजले जाते. उत्तर न आल्यास आणखी आठवड्याने दुसरे पत्र लिहिता येते. त्यानंतरही मौन राहिल्यास पत्रव्यवहार थांबवून अन्य संधींकडे वळावे, असा सल्ला दिला जातो. दिवाळी, गणेशोत्सव किंवा आर्थिक वर्षाची अखेर यांसारख्या काळात कार्यालयीन निर्णय लांबतात, हेही लक्षात घ्यावे लागते.

### विलंबाची कारणे

निर्णय लांबण्याचा अर्थ नकार असाच असतो असे नाही. अंतिम मंजुरी देणारा अधिकारी रजेवर असणे, पदासाठीचा खर्च मंजूर न होणे, अन्य उमेदवारांच्या मुलाखती शिल्लक असणे, भरती तात्पुरती स्थगित होणे, ही सामान्य कारणे होत. काही वेळा पहिल्या पसंतीच्या उमेदवारास प्रस्ताव दिलेला असतो आणि त्याचे उत्तर येईपर्यंत दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारास ना होकार ना नकार कळविला जातो. भारतात दीर्घ नोटीस कालावधीमुळे हा काळ अधिक लांबू शकतो. प्रस्ताव स्वीकारलेला उमेदवार ६० अथवा ९० दिवसांनंतर रुजू होणार असतो आणि तोपर्यंत त्याने विचार बदलण्याची शक्यता कंपनी गृहीत धरते. अशा स्थितीत सौजन्याने लिहिलेले पाठपुराव्याचे पत्र दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार अद्याप इच्छुक आहे, एवढी नोंद करून ठेवते.

### नमुना

> विषय : लेखा सहायक पदाची मुलाखत, १२ मार्च – निर्णयाबाबत विचारणा
>
> माननीय (आडनाव) सर,
>
> नमस्कार.
>
> १२ मार्च रोजी लेखा सहायक पदासाठी माझी मुलाखत झाली. निर्णय २२ मार्चपर्यंत कळविला जाईल, असे त्या वेळी सांगण्यात आले होते. निवडप्रक्रिया सध्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे कृपया कळवावे.
>
> या पदासाठी मी अद्याप इच्छुक आहे. सध्याच्या नोकरीतील माझा नोटीस कालावधी ६० दिवसांचा आहे, हे मुलाखतीत सांगितल्याप्रमाणे पुन्हा नमूद करते.
>
> आपली विश्वासू,
> (नाव)
> (भ्रमणध्वनी क्रमांक)

‘अद्याप उत्तर का नाही’ असा जाब विचारणारा सूर, एकाच दिवशी ई-मेल, दूरध्वनी व व्हॉट्सॲप या तिन्ही मार्गांनी संपर्क, तसेच वरिष्ठ अधिकाऱ्यास प्रत पाठविणे या गोष्टी टाळल्या जातात. भारतीय कार्यालयांत प्रचलित असलेला ‘जेंटल रिमाइंडर’ हा विषय सहकाऱ्यांमधील पत्रव्यवहारात खपून जात असला, तरी उमेदवाराच्या पत्रात पद आणि तारीख देणारा विषय अधिक उपयुक्त असतो. मूळ ई-मेलच्याच साखळीत उत्तर लिहिल्यास प्राप्तकर्त्यास जुना संदर्भ शोधावा लागत नाही.

## विशेष प्रसंग

दुसरा प्रस्ताव हाती असणे : अन्य कंपनीने उत्तरासाठी मुदत दिली असल्यास पहिल्या कंपनीस तसे कळविणे उचित मानले जाते. अशा पत्रात दुसऱ्या कंपनीचे नाव किंवा वेतन देण्याची गरज नसते. उत्तर कोणत्या तारखेपर्यंत द्यावयाचे आहे, एवढेच सांगितले जाते. हाती नसलेल्या प्रस्तावाचा दाखला देणे अप्रामाणिक तर ठरतेच, शिवाय ‘तो स्वीकारावा’ असे उत्तर आल्यास उमेदवार दोन्ही बाजूंनी अडचणीत येतो.

उत्तरात राहिलेली त्रुटी : मुलाखतीत एखादे उत्तर चुकले असल्यास आभारपत्रात एका वाक्यात योग्य उत्तर देता येते. अनेक उत्तरांचे स्पष्टीकरण देऊ लागल्यास मात्र पत्र आभाराचे न राहता खुलाशाचे होते.

नकारानंतरचे पत्र : नकार कळविणाऱ्यास दोन ओळींचे उत्तर लिहून आभार मानले जातात आणि पुढील काळात योग्य पद निघाल्यास विचार व्हावा, असे नमूद केले जाते. याच पत्रात सुधारणेच्या दृष्टीने अभिप्राय मागता येतो. अनेक कंपन्या धोरण म्हणून तो देत नाहीत. नकाराचा प्रतिवाद करण्यासाठी हे पत्र नसते.

माघार : अन्यत्र नोकरी स्वीकारल्यास सुरू असलेल्या सर्व निवडप्रक्रियांतून माघार घेत असल्याचे कळविणे हे उमेदवाराचे कर्तव्य मानले जाते. पत्राविना अचानक संपर्क तोडणे ही जितकी नियोक्त्यांविषयीची तक्रार आहे, तितकीच ती उमेदवारांविषयीचीही आहे.

## परिणामकारकता

आभारपत्राने निवडीची शक्यता किती वाढते, याचे सर्वमान्य उत्तर नाही. मुलाखतीच्या पद्धतीनुसार त्याचा प्रभाव बदलतो. संरचित मुलाखतीत सर्व उमेदवारांना समान प्रश्न विचारून ठरावीक मापश्रेणीवर गुण दिले जातात आणि ते मुलाखत संपताच नोंदविले जातात; आभारपत्र पोहोचेपर्यंत मूल्यमापन पूर्ण झालेले असते. अनौपचारिक पद्धतीत मात्र मुलाखत घेणारे काही दिवसांनी एकत्र बसून चर्चा करतात आणि त्या मधल्या काळात आलेले पत्र उमेदवाराची आठवण ताजी करू शकते. दुर्बळ मुलाखतीची भरपाई पत्राने होते, असे मानण्यास आधार नाही. याउलट चुकीचे नाव, दुसऱ्याच कंपनीचा उल्लेख किंवा ढोबळ भाषिक चुका असलेले पत्र चांगल्या मुलाखतीनंतर प्रतिकूल मत निर्माण करू शकते.

कृतज्ञतापर पत्रांविषयी अमित कुमार व निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांचे संशोधन २०१८ मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आभाराचे पत्र वाचून प्राप्तकर्त्यास होणारा आनंद पत्र लिहिणारे कमी लेखतात आणि त्यास संकोच वाटेल ही भीती वाजवीपेक्षा अधिक बाळगतात, असे त्यात आढळले. हे संशोधन नोकरीच्या मुलाखतींविषयी नव्हते; त्यामुळे निवडीवरील परिणामाबाबत त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. पत्र लिहिताना वाटणारा संकोच मात्र त्यातून समजून घेता येतो.

पत्राचा अधिक निश्चित उपयोग नोंद म्हणून होतो. मुलाखतीत तोंडी झालेली बोलणी, उदाहरणार्थ रुजू होण्याची संभाव्य तारीख, नोटीस कालावधी, कामाचे ठिकाण अथवा पाठवावयाची कागदपत्रे, दोन्ही पक्षांकडे लेखी स्वरूपात राहते. पुढे प्रस्तावपत्रातील मजकूर वेगळा आढळल्यास या नोंदीचा आधार घेता येतो.

## भारतातील स्थिती

### खासगी क्षेत्र

मोठ्या कंपन्यांत तांत्रिक, व्यवस्थापकीय आणि मनुष्यबळ विभागाची अशा अनेक फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीनंतर आभारपत्र न लिहिता संबंधित व्यक्तीस एकच पत्र लिहिणे पुरेसे समजले जाते. सल्लागार संस्थेमार्फत मुलाखत झाली असल्यास कंपनीशी परस्पर संपर्क न साधता संस्थेमार्फतच विचारणा केली जाते. अनेक लहान कंपन्यांत मुलाखतीचे बोलावणेच व्हॉट्सॲपवर येते. तेथे त्याच माध्यमावर दोन ओळींचे आभार मानणे स्वाभाविक ठरते. ज्या माध्यमातून कंपनीने संपर्क साधला त्याच माध्यमातून उत्तर द्यावे, हा यातील व्यवहार्य नियम होय.

### महाविद्यालयीन निवड

अभियांत्रिकी, व्यवस्थापन व अन्य महाविद्यालयांत कंपन्या प्लेसमेंट कक्षामार्फत विद्यार्थ्यांची निवड करतात. अनेक संस्थांच्या नियमांनुसार विद्यार्थ्यांनी कंपनीशी थेट पत्रव्यवहार करावयाचा नसतो. तसे केल्यास पुढील फेऱ्यांना मुकावे लागू शकते. त्यामुळे आभार अथवा विचारणा कक्षाच्या समन्वयकामार्फत पोहोचविणे आवश्यक ठरते.

### शासकीय सेवा

शासकीय भरतीत ही प्रथा लागू होत नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १६ ने सार्वजनिक सेवायोजनात समान संधीची हमी दिली आहे आणि निवडीवर बाह्य प्रभाव पडू नये हे तिच्याशी सुसंगत आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भरतीच्या जाहिरातींत कोणत्याही स्वरूपात शिफारस अथवा वशिल्याचा प्रयत्न केल्यास उमेदवार अपात्र ठरेल, अशी अट असते. आभारपत्र हे वशिल्याच्या व्याख्येत बसत नसले, तरी मंडळाच्या सदस्यास निकालापूर्वी व्यक्तिगत पत्र लिहिण्याचा अर्थ संशयास्पद लावला जाऊ शकतो. म्हणून ते पूर्णतः टाळले जाते. मुलाखत संपल्यावर मंडळास उभे राहून तोंडी धन्यवाद देणे एवढाच शिष्टाचार तेथे अपेक्षित असतो.

केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून गट ब (अराजपत्रित) व गट क संवर्गातील पदांसाठीच्या मुलाखती बंद केल्या. जेथे मुलाखत होते तेथे निकालाची विचारणा आयोगाच्या संकेतस्थळावरील सूचनांवरून अथवा कार्यालयाच्या अधिकृत पत्त्यावर केली जाते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये निवडप्रक्रियेविषयी माहिती मागता येते आणि अर्जावर सामान्यतः ३० दिवसांच्या आत निर्णय देणे जनमाहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. खासगी क्षेत्रात जे काम सौजन्याचे पत्र करते, ते शासकीय क्षेत्रात वैधानिक अर्ज करतो, असा हा भेद आहे.

## मराठीतून लेखन

भारतीय खासगी क्षेत्रातील अशी पत्रे बहुतांशी इंग्रजीत लिहिली जातात. तथापि मराठी वृत्तपत्रे, प्रकाशनसंस्था, शाळा, सहकारी बँका, पतसंस्था व स्वयंसेवी संस्था यांच्याशी मराठीतून पत्रव्यवहार करणे स्वाभाविक ठरते. मुलाखत ज्या भाषेत झाली त्याच भाषेत पत्र लिहिणे हा सोयीचा नियम मानता येतो.

मराठी पत्रलेखनाचे मायने व समारोप परंपरेने ठरलेले आहेत. ‘सा. न. वि. वि.’ अर्थात ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हा मायना कौटुंबिक व जुन्या वळणाच्या पत्रांत शोभतो. नोकरीविषयक ई-मेलमध्ये ‘माननीय’, ‘महोदय’ किंवा ‘महोदया’ आणि त्यापुढे ‘नमस्कार’ एवढे पुरेसे असते. ‘कळावे, लोभ असावा’ या समारोपाऐवजी ‘आपला विश्वासू’ अथवा ‘आपली विश्वासू’ वापरले जाते. आडनावापुढे ‘सर’ किंवा ‘मॅडम’ लावण्याची महाराष्ट्रातील बोलण्याची रीत पत्रातही रूढ झाली आहे.

मराठी समाजव्यवहारात निकटच्या व्यक्तीचे शब्दांत आभार मानणे परकेपणाचे समजले जाते. औपचारिक आभार प्रामुख्याने सभा-समारंभाच्या अखेरीस होणाऱ्या आभारप्रदर्शनात ऐकू येतात. त्या भाषणांची अलंकृत शैली नकळत पत्रात उतरू शकते. ‘आपण अमूल्य वेळातून वेळ काढून माझ्यासारख्या सामान्य उमेदवारास उपकृत केलेत’ अशी वाक्ये कृतज्ञतेपेक्षा लाचारी सूचित करतात. मुलाखत हा दोन्ही पक्षांच्या गरजेचा व्यवहार असल्याने ‘आपण वेळ दिलात, याबद्दल आभार’ एवढे साधे वाक्य पुरेसे आणि अधिक प्रतिष्ठित वाटते.

परदेशी नोकरीसाठी इंग्रजीत लिहिणाऱ्या मराठी उमेदवारांस वेगळी अडचण येते. ‘रिस्पेक्टेड सर’ हा मायना, तसेच ‘डू द नीडफुल’ यांसारखे भारतीय कार्यालयीन इंग्रजीतील वाक्प्रचार अमेरिकी वाचकास अपरिचित किंवा जुनाट वाटतात. तेथे मुलाखत घेणाऱ्याने स्वतःची ओळख पहिल्या नावाने करून दिली असल्यास त्याच नावाने संबोधणे अनादराचे समजले जात नाही.

## अन्य देशांतील रीती

जपानमध्ये पदवी पूर्ण होण्यापूर्वी नोकरी शोधण्याच्या प्रक्रियेस ‘शूकात्सू’ म्हणतात. या काळात मुलाखतीनंतर अथवा कंपनीतील व्यक्तीच्या भेटीनंतर आभाराचे पत्र वा ई-मेल पाठविण्याची रीत परिचित आहे. आभाराच्या पत्रास ‘ओरेइजो’ ही संज्ञा आहे. ‘उत्तर देण्याची तसदी घेऊ नये’ असे वाक्य शेवटी लिहून प्राप्तकर्त्यास उत्तराच्या जबाबदारीतून मोकळे केले जाते. जर्मनीत मुलाखतीनंतरच्या विचारणेस ‘नाखफासेन’ म्हणतात.

## टीका

आभारपत्राची प्रथा अन्यायकारक असल्याची टीका केली जाते. ‘बिझनेस इनसायडर’ या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या कार्यकारी व्यवस्थापकीय संपादक जेसिका लीबमन यांनी एप्रिल २०१९ मध्ये लिहिलेल्या लेखात, जो उमेदवार आभाराचा ई-मेल पाठवीत नाही त्यास नोकरी देऊ नये, असा आपला नियम मांडला होता. त्यावर समाजमाध्यमांत मोठा वाद झाला. हा नियम कोठेही लिहिलेला नसतो. ज्यांच्या घरात किंवा परिचयात कार्यालयीन नोकरी करणारे आहेत त्यांनाच तो ठाऊक असतो. आणि कामाच्या गुणवत्तेशी त्याचा संबंध नाही, हे आक्षेपांचे मुख्य मुद्दे होते. अन्य देशांतून आलेले उमेदवार व कुटुंबातील पहिल्या पिढीतील सुशिक्षित तरुण अशा अलिखित कसोटीत मागे पडतात.

भारताच्या संदर्भात हा आक्षेप विशेष लागू पडतो, कारण ग्रामीण भागातून किंवा मराठी माध्यमातून आलेल्या उमेदवारास ही प्रथा कोणी सांगितलेली असेलच असे नाही. पत्र न आल्यास तो अनास्थेचा पुरावा मानू नये आणि आल्यास त्यास गुण देऊ नयेत, अशी भूमिका संरचित मुलाखतीचे समर्थक घेतात. दुसऱ्या बाजूने, या प्रथेस खर्च लागत नाही व ती एकदा समजल्यावर कोणासही पाळता येते, असे तिच्या समर्थकांचे म्हणणे आहे.

## नियोक्त्याचे दायित्व

मुलाखत देऊनही काहीच न कळणे ही उमेदवारांची सर्वत्र आढळणारी तक्रार आहे. अर्ज करणाऱ्या प्रत्येकास उत्तर देणे शक्य नसले, तरी मुलाखतीस बोलावलेल्या मोजक्या व्यक्तींना निर्णय कळविणे कठीण नसते. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात १ जानेवारी २०२६ पासून ही गोष्ट कायद्याने बंधनकारक झाली आहे. २५ वा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या नियोक्त्याने जाहीर केलेल्या पदासाठी ज्यांची मुलाखत घेतली असेल, त्यांना शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांच्या आत निर्णय झाला किंवा नाही हे कळविणे तेथे आवश्यक आहे. या तरतुदीमुळे पाठपुराव्याचा भार उमेदवाराकडून नियोक्त्याकडे सरकतो.

## फसवणुकीपासून सावधगिरी

मुलाखतीनंतर उत्तराची वाट पाहणारा उमेदवार बनावट ई-मेलला सहज बळी पडू शकतो. निवड झाल्याचे सांगून नोंदणी शुल्क, अनामत रक्कम, गणवेश किंवा लॅपटॉप यांसाठी पैसे मागणे हा फसवणुकीचा नेहमीचा प्रकार आहे. अशा वेळी पाठविणाऱ्याच्या पत्त्यातील कंपनीचे नाव अक्षरशः तपासणे आणि आलेल्या ई-मेलला उत्तर न देता मुलाखतीच्या वेळी मिळालेल्या मूळ पत्त्यावर विचारणा करणे सुरक्षित असते. पैसे गेले असल्यास भारतात १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदविता येते.

## हे सुद्धा पहा

* मुलाखत
* पत्रलेखन
* ई-मेल
* शिष्टाचार
* केंद्रीय लोकसेवा आयोग
* माहितीचा अधिकार